मलाणा, जानेवारी 2008: लाकडाचं गाव जळालं त्यानंतर

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्याच्या हाताला एक सवय जडते. तुळई दिसली की बोटांच्या पेरांनी ठोकून बघायची. खणखणीत आवाज आला तर लाकूड शाबूत, भदाभदा आला तर आतून पोखरलेलं. नाशिक-पुण्याकडच्या वाड्यांमध्ये मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. हिमाचल प्रदेशातल्या मलाण्यात मात्र हात आवरावा लागला. देवळाबाहेर फलक आहे: बाहेरच्या माणसाने स्पर्श केला तर दंड. देवळालाच नव्हे, घरांच्या भिंतींनाही हात लावायचा नाही, माणसांनाही नाही. दुकानात बिस्किटाचा पुडा घेतला तर पैसे खाली ठेवायचे; दुकानदार पुडा आणि सुटे पैसे तसेच खाली ठेवतो, मग आपण उचलायचे.

त्यामुळे जे बघितलं ते नुसत्या डोळ्यांनी. जमलू देवतेच्या देवळाचं देवदार लाकूड अजून नवं वाटावं असं, मधाच्या रंगाचं. त्यावर दाट कोरीव काम, भिंतीवर ठोकलेली जनावरांची शिंगं. हाकेच्या अंतरावर सिमेंटचं दुमजली घर, निळ्या पत्र्याचं. आणि या दोघांच्या मधे एक जुनं घर. त्याची लाकडं उन्हापावसाने करडी झालेली, पण एका बाजूच्या तुळयांची टोकं मात्र कोळशासारखी काळी आणि भेगाळलेली, सुसरीच्या पाठीसारखी. आग तिथवर आली होती आणि थांबली होती.

जानेवारी 2008 मध्ये मलाण्याचं जवळजवळ अर्धं गाव जळालं. देवळांचे भाग गेले, घरं गेली, वर्षभराचं धान्य आणि गवत गेलं. माणसं वाचली. आग पाच तासांहून जास्त चालली. पुढे जे बांधलं गेलं त्यात देऊळ लाकडाचं झालं आणि घरं सिमेंट-पत्र्याकडे वळली. असं का झालं, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मी मांडते आहे. माझ्या मते लाकडावर ठपका ठेवणं ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती चूक हिमालयातल्या आगीनंतर पुन्हा पुन्हा होते.

गाव

मलाणा कुल्लू जिल्ह्यात, पार्वती नदीला मिळणाऱ्या मलाणा नाल्याच्या वर, साधारण 2,650 मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला 3,660 मीटरची चंद्रखणी खिंड, खिंडीपलीकडे नग्गर आणि बियासचं खोरं. मे महिन्यात चंद्रखणीच्या ट्रेकला महाराष्ट्रातली पोरं मोठ्या संख्येने जातात, त्यामुळे हे नाव आपल्याकडे अनेक घरांत माहीत आहे. पण बहुतेक ठिकाणी ते चरस आणि गावकरी सिकंदराच्या सैनिकांचे वंशज असल्याची दंतकथा या दोनच गोष्टींसाठी. सिकंदराची गोष्ट सोडून द्यावी. गावात बोलली जाणारी कनाशी ही भाषा तिबेटो-बर्मी कुळातली, किन्नौरीच्या जवळची आहे. आजूबाजूला सगळीकडे कुल्लुई, म्हणजे आपल्या मराठीच्याच मोठ्या कुळातली बोली, आणि मधे हे एक बेट. 2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सतराशेच्या आसपास होती. एवढ्याच लोकांच्या तोंडी ही भाषा.

मराठी माणसाला इथे खरी ओळख पटते ती देवतेपाशी. जमलू म्हणजे जमदग्नी ऋषी. गावात रेणुकेचंही देऊळ आहे. आपल्याकडे माहूरगडावर रेणुका आहे. परशुरामाने जमदग्नींचं कलेवर कावडीत घालून तिथवर आणलं अशी कथा आहे. तेच कुटुंब इथे हिमालयात गावाचं मालक आहे, आणि मालक हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. जमिनीपासून भांडणापर्यंत सगळं जमलूचं. कथा सांगतात की जमलू एका करंडीत देवतांना घालून घेऊन येत होता. चंद्रखणीवर करंडी उघडली, वाऱ्याने देव उडाले आणि कुल्लूच्या खोऱ्यात गावोगावी जाऊन बसले.

गावाचा कारभार दोन सभांचा. वरची ज्येष्ठांग, तिच्यात अकरा जण: तीन कायमचे, आठ निवडलेले. खालची कनिष्ठांग, तिच्यात घरोघरचे कर्ते. मधल्या मोकळ्या चौकातल्या दगडी ओट्यावर न्यायनिवाडा होतो. तिथेही सुटलं नाही तर जमलू सांगेल ते, आणि जमलूचं म्हणणं गूर, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो, बोलून दाखवतो. पुढे या सभांचा संबंध येणार आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

एक गोष्ट इथेच बोलून घेते. स्पर्शाची बंदी पर्यटकांना गमतीची वाटते, लोक फलकासोबत फोटो काढतात. पण गावातल्या लोहारांची घरं मुख्य वस्तीपासून वेगळी आहेत. आपण गावकुसाबाहेरची वस्ती बघत मोठे झालेलो आहोत. हे काय आहे ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. या गावाच्या वारशाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्या आदरात हा भाग बसत नाही.

भिंत

जळालं ते काय होतं, हे कळल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. या बांधणीला काठकुणी म्हणतात. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोन, कोपरा. एक थर देवदाराच्या तुळयांचा, एक थर दगडांचा, पुन्हा तुळया, पुन्हा दगड. दगडांत चुना नाही, माती नाही, सिमेंट नाही. प्रत्येक लाकडी थरात दोन तुळया समांतर असतात, एक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या. मधली पोकळी चिपा-दगडांनी भरतात. दोन तुळया एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून ठराविक अंतरावर आडवे तुकडे खाचेत बसवलेले, टोकाला रुंद आणि मधे अरुंद. त्याला तिकडचे कारागीर मान्वी म्हणतात. कोपऱ्यात एका भिंतीची तुळई दुसरीवर चढते. आपल्या सुतारकामात कुसू-खाच म्हणतो त्याच जातीचं काम, पण भिंतभर.

खालचा मजला गुरांचा. त्यांच्या अंगाची ऊब वर जाते. वरच्या मजल्यावर माणसं, आणि भिंतीबाहेर काढलेला लाकडी सज्जा, त्यावर थंडीतलं ऊन खात बसायचं, लोकर कातायची, धान्य वाळवायचं. वर दगडी पाट्यांचं छप्पर. त्या छपराचं वजन मोठं असतं आणि ते मुद्दाम मोठं असतं. वरच्या वजनाने खालची सुटी भिंत घट्ट बसते.

भूकंपात ही भिंत कुरकुरते, सरकते आणि पुन्हा बसते. 4 एप्रिल 1905 ला कांगड्याचा 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. नग्गरचा राजवाडा याच बांधणीचा, आणि तो उभा राहिला. आपल्याला यासाठी लांब जायला नको. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत काय पडलं? दोन-दोन हात जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकत्र धरणारं काही नाही, वर मातीचं जड माळवद. भिंतीची दोन अंगं एकमेकांपासून सुटली आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. काठकुणीत मान्वीचं सगळं काम एवढंच आहे की ती दोन अंगं सुटू नयेत. किल्लारीनंतर उभ्या महाराष्ट्राने जे शिकायला हवं होतं, ते या डोंगरातले सुतार शतकानुशतकं करत होते. माझ्यासाठी हा वारसा कोरीव कामापेक्षा मोठा आहे.

आग

ठिणगी कुठून पडली यापेक्षा ती अर्ध्या गावात कशी गेली, हा प्रश्न कामाचा आहे. ठिणग्या अशा गावात रोज पडतात. आत चूल किंवा लोखंडी तंदूर, त्याचा पत्र्याचा धुराडा लाकडी छपरातून बाहेर काढलेला, कामचलाऊ वीजजोडण्या, राळेने भरलेल्या लाकडाचे जळते तुकडे.

देवदाराची जाड तुळई सहज पेट घेत नाही, आणि पेटली तरी सावकाश जळते. वरचा थर कोळसा होतो, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. नरम जातीच्या लाकडाचा हिशेब इमारतीच्या शास्त्रात ठरलेला आहे: मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर, तासाला चार सेंटिमीटर. वीतभर जाडीची तुळई एका बाजूने तासभर जळली तरी तिचा बराच भाग शाबूत उरतो. मी त्या जुन्या घराची काळी टोकं बघितली ती हीच. तिथे आग तासाभराच्या आत विझली असावी. त्या तुळया आजही घर तोलून आहेत.

म्हणजे गाव पेटवणारी गोष्ट तुळई नव्हे. ती गोष्ट म्हणजे गवत. हिवाळ्यात चार-पाच महिने बर्फ असतं. गुरांना लागणारा सगळा चारा पावसाळा संपताना कापून, वाळवून घरात आणावा लागतो. तो सज्जांवर, छपराखाली, दोन घरांच्या मधल्या बोळात रचलेला असतो. त्याला लागून सरपण. जानेवारी म्हणजे हे सगळं खडखडीत वाळलेलं, आणि साठा अजून बराच शिल्लक. वर सज्जांच्या पातळ फळ्या, एका घराचा सज्जा दुसऱ्याच्या सज्जाला टेकेल इतका जवळ. उतारावर घरं एकावर एक चढलेली, खालच्या घराची ज्वाळ वरच्या घराच्या सज्जाखाली पोचते. वाळलं गवत मिनिटांत पेटतं, फळ्या काही मिनिटांत, आणि मग जाड तुळईला तासाचे चार सेंटिमीटर सुरू होतात. पाच तासांत वीस सेंटिमीटर. तिथे तुळई संपली.

आणि काठकुणीत तुळई संपली की भिंतही संपते, हे समजायला मला वेळ लागला. आपल्याकडे वाडा जळतो तेव्हा जोतं उरतं, विटांच्या भिंती काळ्या होऊन उभ्या राहतात. फेब्रुवारी 1828 मध्ये शनिवारवाडा सात दिवस जळला, आतल्या लाकडी हवेल्या गेल्या, तरी तट, दरवाजे आणि चौथरे आज आपण बघतो. काठकुणीत दगडांना एकत्र धरणारं फक्त लाकूडच असतं. ते जळालं की सुटे दगड जागच्या जागी ढासळतात, त्यावर छपराच्या पाट्या पडतात, आणि घराच्या जागी नुसता दगडांचा ढीग राहतो. ज्याला भूकंप पाडू शकत नाही त्याला आग अशी पाडते.

पाण्याचं तर बोलायलाच नको. 2,650 मीटरवर जानेवारीत नळ गोठलेले असतात. गाडीरस्ता गावापर्यंत जात नाही. रस्ता संपतो तिथून नाल्यापर्यंत उतरायचं आणि समोरचा डोंगर चढायचा. अग्निशमन दलाचा बंब या गावाच्या कामाला येऊ शकत नाही, ही कुणाची हलगर्जी नाही, भूगोल आहे. म्हणून जे काही करायचं ते आग लागायच्या आधी करायला हवं.

पुन्हा बांधताना

देवळं लाकडात पुन्हा उभी राहिली. त्यासाठी गाव एकत्र आलं, देवतेच्या नावाने लाकूड मिळालं, कोरीव काम करणारे हात मिळाले. देवतेचं घर जुन्या रीतीनेच हवं, यावर गावात दोन मतं नव्हती.

घराचं गणित वेगळं निघालं. ते कागदावर मांडलं की सिमेंट वापरणाऱ्या माणसाला नावं ठेवावीशी वाटत नाहीत. काठकुणी घराला देवदाराचं लाकूड प्रचंड लागतं, कारण भिंतीच लाकडाच्या. चांगल्या घेराचा देवदार व्हायला शंभर वर्षं लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी कुल्लूच्या जंगलांचा बंदोबस्त केला, तेव्हा जंगल सरकारचं झालं आणि गावकऱ्यांकडे घरासाठी नाममात्र दरात झाड घेण्याचा हक्क उरला. तिकडे त्याला नुसतं टीडी म्हणतात, म्हणजे टिंबर डिस्ट्रिब्यूशन, लाकूडवाटप. गावात जा, कुणालाही विचारा, 'टीडी मिली क्या' हे वाक्य ऐकू येतं. हा हक्क पुढे आवळत गेला. 2013 मध्ये त्याचे नवे नियम आले, त्यात एका कुटुंबाला किती लाकूड आणि किती वर्षांनी, हे बांधून दिलं आहे. जंगलाच्या बाजूने बघितलं तर ते रास्तच आहे, देवदार असा किती कापणार. पण त्या मापात अख्खं काठकुणी घर बसत नाही. आणि 2008 च्या आगीनंतर तर एका घराला नाही, एकदम शेकडो माणसांना, आणि तेही पुढचा हिवाळा यायच्या आत छप्पर हवं होतं.

त्याउलट सिमेंटची गोणी बाजारात मिळते. परवाना लागत नाही, झाड वाढण्याची वाट बघावी लागत नाही. जलविद्युत प्रकल्पांमुळे रस्ता दरीत आत आला होता. मलाणा-1 हा 86 मेगावॉटचा प्रकल्प 2001 मध्ये सुरू झाला. रस्ता संपतो तिथून पुढे गोणी पाठीवर. चरसच्या पैशाबद्दल सगळे बोलतात, तो पैसा घरांत आला हे खरंच आहे. मात्र त्याच भांगेच्या रोपाच्या धाग्याचे दोर आणि पूला नावाच्या चपला या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या होत आल्या आहेत. चामडं अपवित्र, म्हणून देवळात आणि घरात त्याच पायात. धाग्याचं ज्ञान हातातून गेलं आणि राळेचा, म्हणजे चरसचा, बाजार उरला, हीसुद्धा या गावाच्या पडझडीची एक बाजू आहे. तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

मला खरी काळजी वाटते ती सिमेंटच्या घरांच्या सांगाड्याची. सज्जा काढून टाकला, पत्रा घातला, म्हणजे आगीपासून थोडं संरक्षण मिळालं, हे मान्य. पण कुल्लू देशाच्या भूकंप-नकाशात सर्वात धोकादायक पट्ट्यांत येतं. काँक्रीटचं घर भूकंपात टिकतं, जर गजांचं जाळं नीट बांधलं असेल, उभ्या गजांना वेढणाऱ्या कड्या पुरेशा जवळ असतील, काँक्रीट पाणी घालून मुरवलं असेल. या उंचीवर काँक्रीट रात्री गोठतं. वाळू-खडी पाठीवरून आणायची म्हणजे काटकसर होणारच. गवंडी खालच्या गावातून येतो आणि महिन्याभरात जातो. मी बघितलेल्या एका घरात खांबाचे गज उघडे होते आणि कड्यांमध्ये हातभर अंतर होतं. एका संकटातून वाचायला लोक दुसऱ्याच्या तोंडी जात आहेत, आणि दुसरं संकट पाच तासांचा वेळ देत नाही. ते मिनिटभरात उरकतं.

शिवाय सिमेंटच्या घरात थंडी अंगावर येते. काठकुणीच्या दीड-दोन हात जाड भिंतीत दगड, लाकूड आणि हवेच्या पोकळ्या असतात, रात्रभर ऊब टिकते. सिमेंटच्या खोलीत जास्त सरपण जाळावं लागतं. म्हणजे सरपणाचा ढीग आणखी मोठा आणि तंदूर आणखी वेळ चालू. ऑक्टोबर 2021 मध्ये मलाण्यात पुन्हा आग लागली आणि दीड डझनाच्या आसपास घरं गेली. गवत तेव्हाही घरांतच होतं. ऑक्टोबर म्हणजे चारा नुकता भरून ठेवलेला.

असं एकट्या मलाण्यातच होतं असंही नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये याच जिल्ह्यातल्या बंजार भागातलं कोटला गाव जळालं, सत्तरच्या वर घरं आणि देऊळ. 1 जानेवारी 2025 ला त्याच भागातलं तांदी. महिने बघा: ऑक्टोबर, नोव्हेंबर, जानेवारी, जानेवारी. चारा भरल्यापासून बर्फ वितळेपर्यंतचे.

काय करता आलं असतं

हिमालयातच याची जुनी उत्तरं आहेत. उत्तराखंडच्या टोन्स खोऱ्यात धान्याचं कोठार घरापासून सुटं बांधतात. शब्दही आपलाच, कोठार. मजबूत लाकडी पेटीसारखी ती इमारत, कुलूपबंद, घरापासून दूर. घर जळालं तरी वर्षाचं अन्न वाचावं, हा हिशेब. मग चाऱ्यासाठी तसं का नाही? गावाच्या वाऱ्याआड, घरांपासून पन्नास-साठ पावलांवर चाऱ्याची सामायिक कोठारं, घरात फक्त आठवड्याचा चारा. गुरं खालच्या मजल्यावर आहेत, बर्फात रोज तिथवर जायचं म्हणजे बाईमाणसाचं काम वाढणार. हे मला माहीत आहे, कारण गवत आणणारी तिकडेही बाईच आहे. म्हणून आठवडा म्हणते, रोज नाही.

दुसरं, लाकूड कमी लागेल अशी बांधणी. काश्मीरकडची धज्जी-देवारी: लाकडाचा पातळ सांगाडा, त्यात आडवे-तिरपे वासे, मधल्या चौकटींत दगड-माती. काठकुणीच्या मानाने देवदार कितीतरी कमी लागतं आणि भूकंपात ती चांगली टिकते. खालचा मजला काठकुणीचा, वरचा धज्जीचा, मातीचा गिलावा दोन्ही बाजूंनी. मातीचा गिलावा हे आगीविरुद्धचं स्वस्तातलं चिलखत आहे. आपल्या कडीपाटावर मातीचा थर घालायचो त्यामागे हेही कारण होतं. धुराडा छपरातून जातो तिथे लाकूड वीतभर मागे घेऊन दगडी पाट्यांची चौकट. गोठणार नाही इतक्या खोल पुरलेली टाकी आणि हातपंप. यात एकही गोष्ट महागडी नाही.

पण हे कोण ठरवणार? एकेक घर ठरवू शकत नाही. माझ्या घरातलं गवत मी हलवलं आणि शेजारच्याने नाही, तर मी जळणारच. गावाने ठरवावं लागतं. आणि इथे मलाण्याची गोष्ट बाकी गावांहून वेगळी होते. 2017 मध्ये जमलूच्या आदेशाने गावातली पर्यटकांची राहण्याची सोय बंद झाली. चांगला पैसा येत होता, तरी लोकांनी गेस्ट हाऊस बंद केली. कोविडच्या साथीत गावाने स्वतःला बाहेरच्यांसाठी मिटून घेतलं. कुठल्या सरकारी खात्याला इतकी ताकद आहे? जी सभा घरटी उत्पन्नावर पाणी सोडायला लावू शकते, ती सभा गवत गावाबाहेर ठेवायचा नियम करू शकते, आणि तो पाळलाही जाईल. पुनर्वसनाच्या वेळी त्या दगडी ओट्यावर बसून हे बोलायला हवं होतं. भरपाई घरटी वाटली गेली, लाकूड घरटी मोजलं गेलं, आणि प्रत्येक घराने आपापला मार्ग शोधला. देऊळ सगळ्यांचं होतं म्हणून नीट झालं. घरांमधला बोळही सगळ्यांचाच होता.

1 ऑगस्ट 2024 च्या पहाटेच्या सुमारास ढगफुटीने मलाणा नाल्याला पूर आला, मलाणा-1 चा बंधारा फुटला आणि रस्ता वाहून गेला. गाव पुन्हा पायवाटेवर आलं. सिमेंट-पत्र्याचा सगळा हिशेब रस्त्यावर उभा आहे, आणि रस्ता नाल्यावर.

शेवटच्या दिवशी उतरताना गावाच्या कडेला एक घर बांधलं जात होतं. दगड आणि लाकूड, चार थर झालेले. पंचविशीतला एक मुलगा बसून वाकसाने तुळईला खाच घेत होता, त्याचा म्हातारा काका बाजूला बसून नुसता बघत होता. मी चार हात लांब उभी राहिले. हे लाकूड कुठलं, मी विचारलं. तो हिंदीत म्हणाला, दीदी, दोन तुळया जुन्या घराच्या आहेत, आगीतल्या. वरचा जळका भाग तासून काढला. बाकी टीडीचं, आणि तेवढ्यात वरचा मजला होत नाही, तो सिमेंटचा करणार.

मी म्हटलं, भैया, ती जुनी तुळई जरा ठोकून दाखवता?

त्याला ते विचित्र वाटलं असावं. त्याने काकाकडे बघितलं. काकाने मान हलवली, उठला, आणि वाकसाच्या दांड्याने तुळईवर तीन ठोके मारले: या टोकाला, मधे आणि त्या टोकाला. तिन्ही आवाज सारखे आले, खणखणीत. काकाने माझ्याकडे बघून पुन्हा एकदा मधे ठोकलं, मग तो परत आपल्या जागी जाऊन बसला आणि मुलाची खाच कुठे वाकडी जाते आहे ते कनाशीत सांगू लागला.